कापलास का वरबाडलास?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून रविवारी संध्याकाळी घाईघाईत अंगणातलं गवत मशीननं कापून घेतलं, मशीन पुसली नाही काही नाही, तशीच ढकलत नेऊन जिन्याखाली लावली आणि आंघोळ करून जेवायला बसलो. सकाळी दार उघडलं तर अण्णा नेहमीसारखे पायरीवर बसलेले, अनवाणी पाय गवतात सोडलेले. अण्णांचे डोळे काचबिंदूनं गेलेत, डाव्यानं काहीच दिसत नाही, उजव्यानं उजेड-अंधार कळतो आणि समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. आई गेल्यावर गाव सोडून ते आमच्याकडं लातूरला आले तेव्हापासून हे घर त्यांनी हातापायांनीच शिकून घेतलंय, किती पायऱ्या, नळ कुठं, तुळशीचा कोपरा कुठं, सगळं. त्या दिवशी ते पाय नुसते ठेवून बसले नव्हते, मागं-पुढं घासून बघत होते. मग वाकले, आणि तळहात गवतावरून फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवायचे ना अगदी तसा, एकदा लवीच्या बाजूनं आणि एकदा उलटा. आणि म्हणाले, "कापलास का वरबाडलास रे हे?"

मी म्हणलं, "मशीननं कापलंय अण्णा, काल."

"मशीननं का होईना. टोचलालंय पायाला. धार न्हाई तुझ्या मशीनला."

एवढंच. नंतर चहा आला, पेपर आला, मी त्यांना मुख्य बातम्या वाचून दाखवल्या आणि ऑफिसला गेलो. पण ते 'वरबाडलास' दिवसभर डोक्यातून जाईना. आमच्याकडं वरबाडणं हा शब्द मांजराच्या नखांना वापरतात, बोरीच्या काट्याला वापरतात. सायंकाळी घरी आल्याआल्या बूट न काढता आधी गवतात उकिडवा बसलो आणि चार पाती तोडून जवळ धरली. खरंच होतं. एकाही पात्याचं टोक सरळ कापलेलं नव्हतं. सगळी टोकं चिंधीसारखी फाटलेली, पांढरट दोरे लोंबत असलेली, आणि लांबून बघितलं तर पूर्ण अंगणावर एक फिकट, वाळल्या कडब्यासारखी कळा आलेली. महिनाभर मी तेच बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो की खत कमी पडलं असेल, यंदा युरिया टाकू थोडा. खताचा काही संबंधच नव्हता. स्वच्छ कापलेली जखम लवकर सुकते, फाटलेली उघडी राहते, तिच्यातून पाणी उडत राहतं, टोक तपकिरी होतं आणि रोगाला वाट मिळते. गवताचंही तसंच. ज्याला डोळे नाहीत त्याला हे पायाला कळलं, आणि मी रोज चष्मा लावून त्याच अंगणातून गाडी काढतो.

धार हा अण्णांचा विषय आहे, आधीपासूनच. आमच्या औसा तालुक्यातल्या गावाकडच्या घरात ओसरीच्या कडेला एक काळा दगड होता, मधोमध खोलगट झालेला, होडीसारखा. निसणा. दिवस मावळायला आला की अण्णा शेतातून येऊन हातपाय धुवायचे, तांब्यात थोडं पाणी घ्यायचे आणि निसण्यासमोर बसायचे. विळा पाजवायचा म्हणजे घाई चालत नाही. दगडावर पाण्याचे दोन थेंब, मग विळ्याचं पातं टेकवून पुढं, पुन्हा उचलून मागं, पुन्हा टेकवून पुढं. त्या आवाजाला एक लय होती, सर्र... सर्र... आणि दगडावर करडा चिखल जमायचा, त्याला ओल्या लोखंडाचा एक वास यायचा जो मला अजून कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात शिरलं की आठवतो. मग अंगठा धारेवर आडवा लावून बघायचे, धारेच्या लांबीनं कधीच नाही, आडवाच. मी लहान होतो, शेजारी बसून विचारायचो की रोज काय पाजवता, काल तर पाजवलं होतं. तर म्हणायचे, काल कापलं का न्हाई मग. दिवाळी झाली की घिसाडी यायचे गावात, गाडा सोडून पिंपळाखाली पाल ठोकायचे, बाई भाता ओढायची नाहीतर घण मारायची आणि गडी सांडशीनं लाल झालेलं पातं ऐरणीवर फिरवायचा. निसण्यानं भागेना असे विळे, कुऱ्हाडी, खुरपी तिथं जायची आणि बदल्यात ज्वारी मापून जायची. पैसे फारसे कुणी द्यायचं नाही.

या सगळ्यातून मी आलो, आणि माझ्या मशीनला एक पातं आहे, तेही लोखंडाचंच आहे, त्यालाही धार लागते, हे माझ्या मनातच आलं नाही. कारण ते खाली असतं, झाकलेलं. दिसतं ते इंजिन, हँडल, दोरी. पेट्रोल टाकलं, दोरी ओढली, आवाज आला म्हणजे चालू आहे, असंच मी धरून चाललो.

मशीन कशी आली तेही सांगतो. आमच्याकडं लॉन म्हणलं की कुणाच्या डोळ्यासमोर गवत येत नाही, लग्न येतं. बायपासला रांगेनं लॉन्स आहेत, अमुक लॉन्स, तमुक लॉन्स, जेवणाच्या पंगती, डीजे, आणि हिरवा मांडव. त्यातल्या एकानं पाण्याला कंटाळून सगळीकडं प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्याची पेट्रोलची मशीन बिनकामाची झाली, ती मी जुनी म्हणून घेतली. प्लॉट अडीच गुंठ्यांचा, त्यात घर वगळून गुंठाभर मोकळी जागा. मोठ्या हौसेनं घेतली होती. पहिल्या वर्षी चालली, दुसऱ्या वर्षी यंदाच्या जूनमध्ये पाऊस पडल्यावर बाहेर काढली तर सुरूच होईना. पंचवीस-तीस वेळा दोरी ओढली असेल, खांदा भरून आला. शेवटी स्कुटीवर आडवी टाकून कोपऱ्यावरच्या टू-व्हीलरच्या गॅरेजला नेली. तिथल्या पोरानं कार्बोरेटर खोलला आणि त्याची छोटी वाटी माझ्यासमोर धरली, तळाशी पिवळसर, चिकट, राळेसारखा थर. म्हणाला, सर, किती महिने पेट्रोल तसंच ठेवलंत यात? फेब्रुवारीपासून. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पेट्रोल स्वतःही पडून पडून उडतं, मागं डिंक उरतो, तो डिंक जेटच्या केसाएवढ्या भोकात बसला की इंजिनाला पेट्रोल पोचतच नाही. उन्हाळ्यात मशीन बंद ठेवायची असेल तर एक तर टाकी पूर्ण रिकामी करून, उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून कोरडी करून ठेवायची, नाहीतर महिन्याच्या आतच वापरलं जाईल एवढंच पेट्रोल आणायचं. उन्हाळा संपला की आपण माठ रिकामा करून पालथा घालतोच ना? मग टाकीत शिळं पेट्रोल कसं ठेवलं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही, मलाच पडला.

त्याच पोरानं एअर फिल्टर काढून टायरवर आपटला तर धुरळाच उडाला. आपल्याकडची माती किती बारीक असते ते काही सांगायला नको, उन्हाळ्यात खिडक्या बंद करूनही पाटावर बोटानं नाव लिहिता येतं. फिल्टर भरला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त, मग काळा धूर, मग प्लगवर काजळी. माझ्या मशीनमध्ये कागदाचा फिल्टर आहे, तो धुवायचा नसतो, हलकेच झटकायचा आणि उजेडासमोर धरून आरपार दिसेना झालं की बदलायचा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, ऑईलचे चार थेंब जिरवून बसवायचा. आणि ऑईल. मी ऑईलची पट्टी कधी काढूनच बघितली नव्हती. चार स्ट्रोकचं इंजिन आहे, याचं ऑईल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, वेगळं असतं, अर्धा लिटरच्या आसपासच मावतं, आणि एवढ्याशा ऑईलवर ते सगळं तापणं-घासणं चालतं. नव्या मशीनचं पहिलं ऑईल पाच तास चालल्यावर बदलायचं असतं, नंतर पन्नास तासांनी किंवा हंगामाला एकदा. माझ्या मशीनमधलं त्यानं काढलं ते डांबरासारखं होतं. दोन वर्षांत मी मशीनला फक्त पेट्रोल दिलं होतं. म्हणजे बैलाला नुसतं कामाला जुंपायचं आणि खांदेमळणीला हळद-लोणीसुद्धा लावायचं नाही, तसं.

हे सगळं जूनमध्ये झालं, मी खूश होऊन घरी आलो, मशीन एका ओढीत सुरू व्हायला लागली. पात्याकडं मात्र त्या पोराचंही लक्ष गेलं नाही, टू-व्हीलरला पातं नसतंच.

पण अण्णा आणि गवत यांचं नातं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. हे जे आमच्या अंगणात आहे ते खरं म्हणजे लॉन नाहीच. २०१४ ला घर बांधलं तेव्हा नर्सरीतून आणून चांगलं कार्पेटसारखं गवत लावलं होतं. मग २०१६ आलं. लातूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही. मांजरा नदी कोरडी पडली, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आधी दहा वाघिणींची गाडी आणि मग पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटर. आम्ही भांडी घासलेलं पाणी संडासात टाकत होतो, तिथं गवताला कोण विचारतंय. एका महिन्यात ते कार्पेट विडीच्या पानासारखं कुरकुरीत होऊन वाऱ्यानं उडून गेलं, खाली भेगाळलेली काळी जमीन, बोट जाईल एवढ्या भेगा. मला त्याचं दुःख झालं हे खरं, आणि पाण्यासाठी घागरी घेऊन रात्रभर रांगेत बसलेल्या बाया दिसायच्या तेव्हा त्या दुःखाची लाज वाटायची हेही खरं. त्या वर्षी पाऊस मात्र भरून पडला, आणि सप्टेंबरात त्या भेगांच्या कडेकडेनं काहीतरी हिरवं फुटलं. लावलेलं नव्हे. हराळी. कुणी पेरली नाही, कुणी पाणी घातलं नाही, जमिनीत खोल कुठंतरी तिची पेरं दबून बसली होती.

अण्णा तेव्हा गावाहून आले होते, तेव्हा थोडं दिसायचं त्यांना. अंगणात हराळी बघून ते गप्पच झाले. कारण हराळीशी ते जन्मभर लढले होते. आमच्या पाच एकरांतला दीड एकर हराळीनं धरलेला होता. एप्रिल-मेच्या उन्हात गुत्तं देऊन गडी लावायचे आणि कुदळीनं कंबरभर खोल खंदून एकेक मुळी वेचून काढायची, ढिगारे करून उन्हात वाळवून पेटवायचे. एक पेर राहिलं की मृगात पुन्हा वर. अण्णांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली अजून गाठ आहे, ती कुदळीची. आणि त्यांचाच पोरगा शहरात त्याच हराळीला पाणी घालतो, खत घालतो, तिची निगा राखायला मशीन विकत आणतो. ते त्यावर काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी आईला सांगत होते ते मी ऐकलं, की बाहत्तरला ही हराळी होती म्हणून गाय जगली. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो, माणसं त्यावर निभली. जनावरांना काहीच नव्हतं. बैलजोडी निम्म्यानं विकली. गाईला मात्र बांधावरच्या हराळीच्या मुळ्या खंदून, झटकून, धुवून घालायचे. तीच मुळी, जी एरवी पेटवायची.

म्हणजे वैर होतं आणि उपकारही होते, आणि दोन्ही त्यांनी तसेच ठेवलेत, कुठलंच खोडलं नाही. मला अजून ते जमत नाही.

गणपतीत तर वेगळंच असतं. गल्लीतल्या पोरी आणि म्हाताऱ्या सकाळी सकाळी ताट घेऊन येतात, अण्णा कडीचा आवाज ऐकून 'या' म्हणतात, आणि त्या गवतात बसून तीन पानांची कोवळी दुर्वा खुडतात, एकवीसची जुडी बांधून दोऱ्यानं गुंडाळतात. हराळी ती हीच, फक्त चतुर्थीला दुर्वा होते. म्हणून मी गणपतीच्या आधी दोन आठवडे मशीन फिरवत नाही. आता त्या फाटक्या टोकांकडं बघताना पहिला विचार हाच आला, की यंदा त्या बायांना काय मिळेल, देवाला चिंध्या वाहणार का.

पुढच्या रविवारी मशीन अंगणात ओढली. आधी प्लगची टोपी काढून बाजूला केली. हे कुणीही विसरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण पातं हातानं फिरलं की इंजिन फिरतं, आणि इंजिन तापलेलं असो की थंड, फिरलं तर पेटू शकतं, आणि त्या वेळी आपली बोटं पात्यावर असतात. मग पेट्रोल काढून घेतलं आणि मशीन आडवी केली, कार्बोरेटर आणि फिल्टरची बाजू वर ठेवून, नाहीतर ऑईल वाहत जाऊन फिल्टरमध्ये शिरतं. खालचं बघून मला गलबलून आलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला गवत आणि चिखलाचा दोन-अडीच बोटं जाड थर, दाबून दाबून गोवरीसारखा झालेला, उकिरड्याचा गरम आंबूस वास, आणि खरवडलं तर त्यातून एक गांडूळ निघालं. ओलं गवत कापायचं आणि तसंच सोडून द्यायचं, त्याचं हे. आत एवढा थर असला की हवा फिरत नाही, गवताची पाती उभी राहत नाहीत, कापलेलं बाहेर पडत नाही. आणि पत्रा गंजतो तो वेगळाच. लाकडी पट्टीनं खरवडलं, ब्रशनं घासलं, तेव्हा कुठं पातं दिसलं. धारेच्या जागी धारच नव्हती, गोल झालेली लोखंडी कड, दोन ठिकाणी दगडाचे खाचे.

आदल्या रात्री मी मोबाईलवर वाचत बसलो होतो तेव्हा कळलं की गवताची ही मशीन मुळात कापडाच्या गिरणीतून आली. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसानं, लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र बघून, तेच जमिनीवर चालवायची कल्पना काढली. त्याच्या मशीनमध्ये गोल फिरणारी पाती खालच्या पट्टीवर घासून जातात, कात्रीसारखी. माझी तशी नाही. माझ्या मशीनचं पातं मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेत नुसतं हवेत फिरतं, आणि समोर येईल त्याला मारत जातं. हे मी अण्णांना सांगितलं तर ते थोडा वेळ थांबून म्हणाले, म्हणजे मूठ धरायला दुसरा हात न्हाई. तेव्हा मला नीट समजलं. विळ्यानं कापताना डाव्या हातात गवताची मूठ घट्ट धरलेली असते, म्हणून विळा थोडा बोथट असला तरी ओढून निभतं. इथं गवताला कुणी धरलेलं नाही, ते स्वतःच्या ताठपणावर उभं आहे. धार नसेल तर पातं त्याला वाकवून, हिसकून, फाडूनच जाणार.

नट फार घट्ट होता, पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवला तेव्हा सुटला. पातं अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही टोकं चाचपली, उचललेले कान चाचपले, त्या कानांमुळं खालून हवा वर ओढली जाते आणि गवत उभं राहतं, म्हणून पातं परत बसवताना ते कान पत्र्याच्या बाजूला, वर यायला हवेत हे मी सांगितलं. "कानस दे," म्हणाले. मी म्हणलं अण्णा लागंल हाताला. त्यांनी हात पुढंच ठेवला. मग मी पातं पायरीवर दाबून धरलं आणि ते कानस चालवायला लागले. एकाच बाजूनं, जुना उतार धरून, पुढं ढकलताना दाब आणि मागं येताना उचलून. मान एका बाजूला कलती. आवाज ऐकत होते. सुरुवातीला कर्र-कर्र, तुटक, मग जिथं खाच होता तिथं आवाज अडखळायचा आणि ते तिथंच थोडं जास्त घासायचे, हळूहळू तो एकसारखा झाला. चाळीस वर्षांपूर्वीची ती सर्र-सर्र अगदी तशी नव्हती, दगड आणि कानस वेगळे. पण हाताची उचल तीच होती. मी सांगितलं की याला विळ्यासारखी नाजूक धार नको, लोण्याच्या सुरीएवढी पुरे, फार बारीक केली तर पहिल्याच खड्याला दुमडते. ते 'हूं' म्हणाले आणि अंगठा आडवा लावून बघितला.

मग तोल. भिंतीत खिळा होता, त्यावर पात्याचं मधलं भोक अडकवलं आणि सोडलं. डावी बाजू सावकाश खाली गेली, म्हणजे तिकडचं लोखंड जास्त राहिलंय. तोल नसला तर तेवढ्या वेगात सगळी मशीन थरथरते, हँडलमधून हाताला मुंग्या येतात आणि आतला दांडा, बेअरिंग जातं. मी सांगायचो, डावी खाली, अण्णा दोन हात कानस मारायचे, पुन्हा अडकवायचो. चार-पाच वेळा असं झाल्यावर पातं खिळ्यावर आडवं झालं आणि आडवंच राहिलं, जरा डुलून थांबलं. "थांबलं?" "थांबलं अण्णा." त्यांना ते दिसलं नव्हतं, पण लोखंडाचा खिळ्यावर घासण्याचा बारीक आवाज बंद झाला होता, तो त्यांनी ऐकला असावा.

त्या आठवड्यात रिपरिप चालू होती, गवत ओलं होतं, थांबलो. गुरुवारी ऊन पडलं, शुक्रवारी संध्याकाळी मशीन काढली, कापायची उंची एक खाच वाढवली, कारण एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं की गवताला धक्का बसतो आणि मुळं आखडतात. आवाजच बदललेला होता. आधी मशीन गुरगुरायची, आता नुसती भणभण. मागं पडलेलं गवत आंब्याच्या बुडाशी पसरलं. ताज्या कापल्या हराळीचा तो गोडसर वास, बैलांच्या गव्हाणीजवळ यायचा तो, घरभर झाला.

सकाळी अण्णा पायरीवर. पाय गवतात. मी चहा घेऊन शेजारी बसलो आणि काही विचारलं नाही. त्यांनी पाय फिरवले, मग वाकून तळहात फिरवला, एकदा लवीच्या बाजूनं, एकदा उलटा. दोन्ही वेळा हात सारखाच सरकला. खंडेनवमीला हे पातं काढून गावाकडच्या विळ्याशेजारी मांडायचं मी मनात ठरवलंय, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बराच वेळ हात गवतावरच ठेवून ते म्हणाले, "उन्हाळ्यात किती पाणी लागतंय रे हिला?"

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक इंच पाणी द्यायचं तर अडीच हजार लिटरच्या वर, पाच हजारी टँकरचा अर्धा टँकर, तेही एकदाच. मी हा हिशोब कधीच केलेला होता. त्यांना सांगितलं की मी उन्हाळ्यात देत नाही अण्णा, पिवळी पडू देतो, कपडे धुतलेलं पाणी तेवढं आंब्याला जातं.

"मरती का मग?"

"नाही. खाली असती. मृगात येती वर."

"येतीच ती," अण्णा म्हणाले, आणि चहासाठी हात पुढं केला.